मशीन आधी भाड्याने, मग विकत

पाडवा झाला, ऊन तापायला लागलं आणि आमच्याकडे एकाच प्रश्नाचे फोन सुरू झाले. "ताई, ती सरबत गोठवायची मशीन आमच्या गटाने घ्यावी का?" लग्नात, बारशाला, वाढदिवसाला तुम्ही ती पाहिली असेल. दोन पारदर्शक भांडी, आत फिरणारा पिळाचा दांडा, आणि नळ दाबला की पेल्यात पडणारं चुरा बर्फासारखं सरबत. मुलं तिला गोळ्याची मशीन म्हणतात, दुकानदार स्लश मशीन म्हणतो.

केडगावात आमचा गट गेले दोन उन्हाळे ही मशीन कार्यक्रमांना भाड्याने देतो. पण मशीन आमच्या मालकीची नाही. नगरच्या एका व्यापाऱ्याकडून हंगामापुरती भाड्याने आणतो आणि पुढे देतो. हे ऐकून बायकांना नवल वाटतं. म्हणून आधी त्याचाच हिशोब सांगतो.

समजा, मशीन साठ हजारांना पडली आणि पैसे गटातूनच कर्जाने घेतले. शेकडा दोन रुपये व्याज धरलं तर महिन्याला बाराशे, वर्षाला चौदा हजार चारशे. आता समजा एका कार्यक्रमामागे साखर, लिंबं, पेले, टेम्पो आणि सोबत गेलेल्या बायकांची मजुरी काढून गटाला दीड हजार उरले. म्हणजे पहिले दहा कार्यक्रम नुसते व्याजात गेले. मुद्दल फिटायला आणखी चाळीस. मग प्रश्न उरतो, वर्षाला पन्नास कार्यक्रम मिळतील का?

इथे पंचांग उघडावं लागतं. मुहूर्त दहा असले तरी मशीन एक आहे, ती एका दिवशी एकाच मांडवात उभी राहणार. अक्षय्य तृतीयेला चार घरं मागतात, तीन घरांना नाही म्हणावं लागतं. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत. त्यानंतर लग्नं निघतात ती थंडीत, आणि मार्गशीर्षात गारेगार सरबत कोण मागतं? तिथे लोकांना चहा-कॉफीची मशीन हवी असते. यंदा तर २०२६ साली ज्येष्ठ अधिक आला आहे, १७ मे ते १५ जून. म्हणजे उन्हाचा, कमाईचा ऐन महिना लग्नांविना जाणार. अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण घालतात खरं, पण त्याला घरचीच माणसं, तिथे मशीन कोण बोलावतं? वाढदिवस, शाळेचं स्नेहसंमेलन, दुकानाचं उद्घाटन हे धरूनही आमची वही पन्नासाच्या जवळ गेली नाही. म्हणून यंदाही आम्ही विकत घेणार नाही. ज्या गटाची वही एका हंगामात स्वतःच पन्नास दाखवेल, त्याने खुशाल घ्यावी.

आता मशीन कशी चालते ते ऐका, कारण नवी गिऱ्हाईकं नेमकी इथेच भांडतात. भांड्याच्या मधोमध गार नळकांडं असतं. सरबत त्याला लागून गोठतं आणि फिरणारा दांडा ते खरवडून पुढे ढकलतो. बाहेरून बर्फ घालायचाच नसतो. सरबत भरल्यावर सावलीत तासभर तरी लागतो, मे महिन्याच्या झळांत लॉनवर दीड-दोन तास. बारा-बारा लिटरची दोन भांडी असली तरी काठोकाठ भरता येत नाहीत, गोठताना सरबत फुगतं. दीडशे मिलीचा पेला धरला तर एका भरणीत दीडशे पेल्यांच्या आतच मामला. आणि लग्नात माणसं कशी येतात? अक्षता पडल्या की पाचशे माणसं एकदम. म्हणून आम्ही घरधन्याला आधीच विचारतो, "दादा, पाहुणे किती आणि एकदम किती?" पाचशेच्या लग्नाला एकच मशीन मागितली तर ती नवरीकडच्या मुलाबाळांपुरती ठेवा, बाकीच्यांना मठ्ठा करा, असं सरळ सांगतो. नाहीतर शेवटी रांगेतले लोक सरबतवालीलाच बोलतात.

साखरेचं माप फार महत्त्वाचं. साखर कमी पडली तर सरबत दगडासारखं गोठतं, दांडा अडकतो आणि आतला गिअर तुटतो. त्याची भरपाई आपल्या अनामतीतून जाते. साखर जास्त झाली तर गोठतच नाही, नुसता गार पाक. आमचं माप सहा लिटर पाण्याला एक किलो साखर. लिंबाचा रस कपड्यातून गाळलेला, कारण एक बी नळात अडकली तरी गोंधळ. तुमच्या गावात द्राक्ष-डाळिंबवाल्यांकडे गोडी बघायची नळी असते, ऊस तोडीला आला का ते पाहायला कारखान्याच्या शेतकी विभागाकडेही असते. ती एकदा मागून आणा. तेरा ते पंधराच्या मध्ये आकडा आला की सरबत नीट जमतं. चीज-वस्तू म्हणाल तर श्रीगोंदा-कर्जतकडची लिंबं आपल्याला हाताशी आहेत, कैरीचं पन्हं रेषा गाळून घेतलं तर झकास होतं. अमृत कोकमही चालतं, आगळ नाही. मठ्ठा घालू नका, त्यात साखर नसते, तो घट्ट गोठतो. काही मशीनला नुसतं गार ठेवायचं बटण असतं, ते लावलं तर गोष्ट वेगळी, पण मठ्ठ्यानंतर धुणं दुप्पट. आणि उसाचा रस घालायचा मोह तर आपल्या जिल्ह्यात सगळ्यांनाच होतो. रस मुळातच जास्त गोड, आणि थोड्या वेळात काळा पडतो, आंबतो. रसवंतीच्या चरकावर उभ्या उभ्या प्यावा तोच खरा.

आता पाण्याची गोष्ट. या धंद्यात सगळं पाण्यावर आहे असं आमचं मत आहे. लग्नात पिंपभर सरबतात लादी फोडून टाकलेली आपण लहानपणापासून पाहिली. कारखान्यातली ती लादी मासळी टिकवायला, माल गार ठेवायला, मयत ठेवायलाही वापरतात. ती खायची नसते. खायचा आणि न खायचा बर्फ ओळखू यावा म्हणून २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने न खायच्या बर्फात निळा रंग घालायला सांगितलं. निळसर लादी दिसली तर ती पेल्यात जाता कामा नये, एवढं घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. आमच्या मशीनचा मोठा फायदा हाच, तिथे लादीचं कामच नाही. पण मग पाणी जसं असेल तसंच सरबत. गोठल्याने जंतू मरत नाहीत, ते थंडीत गप्प बसतात आणि पोटात गेले की उठतात.

आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून कार्यक्रमाला टँकर असतो. मागच्या वर्षी एका मोठ्या लग्नात घरधनी म्हणाले, "अहो ताई, एवढा टँकर उभा आहे, तुम्ही पाणी कशाला वाहून आणता? आमचं वापरा आणि भाडं कमी करा." आम्ही नाही म्हणालो. ते म्हणाले, मग मशीन नको. आम्ही टेम्पो परत फिरवला. त्या दिवशी गटात आवाज झाला. टेम्पोचं भाडं अंगावर पडलं, एक काकू चार दिवस बोलत नव्हत्या, कारण त्यांच्या मुलीची फी त्या मजुरीवर ठरलेली होती. तेव्हापासून गटाने ठराव करून वहीत लिहिलं. पाणी आदल्या दिवशी उकळून, गार करून, झाकणाच्या स्टीलच्या कॅनमधून आपलंच जाईल. ज्याला मान्य नाही त्याचा विसार घ्यायचा नाही. आणि टेम्पोचं भाडं विसारातच आधी घ्यायचं. काकू आता सगळ्यात जास्त कॅन घासतात.

मशीन एकटी कधीही पाठवायची नाही. दोघी बरोबर जातात. यावर गिऱ्हाईक म्हणतं, आमचा आचारी बघेल. आचाऱ्याला दहा चुली बघायच्या असतात, तो तिसऱ्या तासाला त्यात नुसतं पाणी ओतणार. जाणाऱ्या दोघींपैकी एक गोठण बघते, एक पेले भरते. मशीन टेम्पोत उभीच न्यायची. आडवी झाली तर कॉम्प्रेसरमधलं तेल हलतं. उतरवल्यावर दोन तास तरी तशीच ठेवून मग चालू करायची, म्हणून सकाळच्या लग्नाला आम्ही पहाटे निघतो. चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा, डोक्यावर सावली, जमीन सपाट. जनरेटरवर असेल तर स्टॅबिलायझर लागतोच. वीज गेली-आली तर फ्रीजसारखं पाच मिनिटं थांबायचं. रिकाम्या भांड्यावर गार करायचं बटण दाबायचं नाही. हे सगळं आम्ही मशीनच्या मागच्या बाजूला मराठीत लिहून चिकटवलं आहे, कारण ऐन गर्दीत कुणाला काय आठवतं?

हळदीच्या रात्री डीजे असतो. दहा वाजता आमच्या बायका निघतात, मशीन आवरून. कागदावर तसं लिहिलेलं असतं. एका फार्महाऊसवरच्या पार्टीला तिथल्या पोरांनी विचारलं, यात दुसरं काही घालता येईल का? तुम्हाला कळलंच असेल काय. गंमत अशी की ही मशीन अमेरिकेत पार्ट्यांमध्ये त्याच कामासाठी नावाजली. डॅलस गावच्या मारियानो मार्टिनेझ नावाच्या हॉटेलवाल्याने १९७१ साली आइस्क्रीमच्या मशीनमध्ये फेरफार करून दारूचं गोठलेलं पेय काढलं आणि ती मशीन आता तिथल्या संग्रहालयात ठेवली आहे. आमची मशीन संग्रहालयात जायची नाही, आणि तसल्या पार्टीलाही जायची नाही.

पुरवठादार तयार पाकाच्या बाटल्या देऊ करतात. साखर नसलेला, लाल-निळा. त्यात साखरेच्या जागी ग्लिसरिन असतं, त्यानेही सरबत दगड होत नाही. पण लहान मुलांच्या रक्तातली साखर त्याने एकदम उतरू शकते. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०२५ साली सांगितलं की सात वर्षांखालच्या मुलांना ग्लिसरिनचं स्लश देऊ नये. वाढदिवसाला आपल्यापुढे उभी असतात ती तीन-चार वर्षांचीच पोरं. आम्ही ती बाटली घेत नाही. घेणाऱ्यांनी निदान लेबल वाचावं.

धुणं त्याच रात्री. कितीही दमलो तरी. कोमट पाणी, मग साबण, मग परत स्वच्छ पाणी, आणि रबराच्या कड्या काढून नीट पुसून. नळाच्या आत वाळलेला पाक राहिला तर मुंग्या येतात आणि वास पकडतो. अन्नाच्या धंद्याला नोंदणीही लागते. चौदा आकडी नंबर मिळतो, आमच्यासारख्या छोट्या धंद्याला वर्षाला शंभर रुपये फी. तो नंबर पेल्यांच्या टेबलावर लावतो. मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक तो बघतात आणि पुढच्या कार्यक्रमाला नाव सुचवतात, हा अनुभव आहे.

अक्षय्य तृतीयेची मशीन यंदा लागली आहे, त्या दिवसासाठी फोन करू नका. अधिक महिन्यासाठी आम्ही एक विचार करतोय. केडगावच्या रेणुकामातेच्या देवळाकडे दर्शनाला येणाऱ्यांसाठी रस्त्यावर पन्ह्याची टपरी टाकावी आणि मशीन भाड्याने द्यायच्या ऐवजी तिथे लावावी. विजेची सोय, जागेची परवानगी आणि रोजच्या दोघी कोण, या तीन गोष्टींवर येत्या सभेत बोलणं आहे. शेजारच्या गटांनी आपली गेल्या वर्षीची वही घेऊन या. कोणत्या महिन्यात किती कार्यक्रम मिळाले ते एकत्र मांडून बघू, कदाचित दोन गटांना मिळून एक मशीन पुरेल.