सद्भावनेची ढाल

वडगावच्या एखाद्या विणकराच्या घरात धाकटा भाऊ दिवसेंदिवस अन्नाला शिवत नाही, घरच्यांवर धावून जातो. त्याला धारवाडच्या मानसोपचार रुग्णालयात न्यावे, असे शेजारी सुचवितात. अर्जावर सही करताना थोरल्याचा हात मात्र अडखळतो. उद्या बरा होऊन त्याने फिर्याद केली तर?

ही शंका अनाठायी नव्हे. १९१२ च्या कायद्यान्वये असा अर्ज मॅजिस्ट्रेटपुढे जाई. १९८७ च्या कायद्याने सद्भावनेने वागणाऱ्या कोणाही व्यक्तीस दाव्यापासून अभय दिले. २०१७ च्या कायद्यातील अभयाचे कलम मात्र शासन, प्राधिकरण व पुनर्विलोकन मंडळ यांचाच उल्लेख करते, नातेवाइकांचा नाही.

मग नातेवाइकांची ढाल कोणती? रीतसर वागणे, हीच. रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीने, नेमणूक नसल्यास नातेवाइकाने, लेखी अर्ज करावा. एक मनोविकारतज्ज्ञ व दुसरा वैद्यक जाणकार यांनी रुग्णास स्वतंत्रपणे तपासावे. पहिली मुदत ३० दिवसांची; त्यावर रुग्णास मंडळाकडे दाद मागता येते.

फौजदारी कायद्यानुसार, योग्य दक्षता न घेता केलेले कृत्य सद्भावनेचे ठरत नाही. वाटणीच्या लोभाने भावाला वेडा ठरविणाऱ्यास या ढालीआड लपता येणार नाही. रुग्णास साखळदंड घालण्यास तर कायद्याने साफ मज्जाव आहे. कायदा मोडणाऱ्यास पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

जो डोळ्यांनी पाहिले तेवढेच अर्जात लिहितो आणि निदान वैद्यांवर सोपवितो, त्याला कोर्टाचे भय बाळगण्याचे कारण थोडे.