आधी आईला विचारा

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढाऱ्यांची भाषणे छापून आली. घर चालवणाऱ्या बायकांना विचारले थोड्यांनीच. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या मुलाखतींचे पुस्तक २००४ साली काढले, ते म्हणूनच आम्हांला मोलाचे वाटते.

आम्ही सभासदांना सांगतो, आधी आईसमोर बसा. ‘संप कसा झाला?’ असे विचारलेत तर ती म्हणेल, ‘मला काय ठाऊक?’ ‘पगार थांबल्यावर पहिले भांडे कोणते विकलेस?’ असे विचारा. वडील मध्येच बोलू लागतात. त्यांना दूध आणायला धाडावे! साल चुकले तरी टोकू नये, मागाहून पडताळावे. ती गप्प झाली तर आपणही गप्प राहावे. भांड्यांमागून बहुधा मुलीच्या सुटलेल्या शाळेची गोष्ट निघते.