सावलीच्या मापाचं शहर



व्याख्यान संध्याकाळी ठेवलंत, तरी मांडवातली झळ गेलेली नाही. मे महिन्यात चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, पारा 47 अंशांवर जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आजचा विषय शहररचनेचा आहे, पण सुरुवात या उन्हापासूनच करावी लागेल.

या उन्हात किती चालावं लागतं, ते गावाच्या रचनेवर ठरतं. गोंडराजांच्या परकोटाला चार मोठे दरवाजे : जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर. आतलं जुनं गाव पायी फिरण्याच्या मापाचं. पुढे कोळसा निघाला, वीज केंद्र आलं आणि गाव परकोटाबाहेर पडलं. आता लेआउट पडतात ते जमीन स्वस्त मिळेल तिथे. प्लॉट स्वस्तात मिळतो. मग दुचाकीचे हप्ते आणि पेट्रोल आयुष्यभर चालतं.

आणि पसरायचं तरी कुठे? उत्तरेला ताडोबाचं जंगल. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या वस्तीत बिबट्या येतो, वाघही येतो. आसपास खाणी. पश्चिमेला इरई नदी, वर्धा नदीला पूर आला की इरईचं पाणी मागे फिरतं आणि सखल वस्त्यांत शिरतं. मोकळी दिसणारी जमीन इथे बहुधा कुणाची तरी असते : वाघाची, कोळशाची, नाहीतर नदीची.

आपल्याकडे रेल्वे मात्र आयती आहे. दिल्ली-चेन्नई मार्गावर भांदक, ताडाळी, चंद्रपूर, बल्लारशा ही स्टेशनं. गोंदियाकडे जाणाऱ्या मार्गावर चांदा फोर्ट, मूल, सिंदेवाही, नागभीड. दोन्ही मार्ग बल्लारशाला मिळतात. या स्टेशनांभोवती दाट वस्ती आखा. दाट म्हणजे वीस मजली मनोरे नव्हेत. खाली दुकान, वर दोन-तीन मजले घरं. दवाखाना, शाळा, एस.टी.चा थांबा हाकेच्या अंतरावर. गाड्यांच्या वेळा मात्र नोकरी-शाळेच्या वेळांशी जुळायला हव्यात. दिवसातून दोनदा येणाऱ्या गाडीभोवती गाव उभं राहत नाही.

नागपूरला मेट्रोच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरच्या पट्ट्यात जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, दिलं आहे. नकाशावर पाचशे मीटर म्हणजे सहा-सात मिनिटांची वाट. पण दुपारी दोन वाजता, बिनझाडाच्या रस्त्यावर, कडेवर लेकरू घेतलेल्या बाईसाठी ते अंतर किती? म्हणून आपल्याकडे स्टेशनचं अंतर मीटरात मोजू नये, सावलीत मोजावं. कडुनिंबाची रांग, दुकानांपुढचा ओटा, पाणपोई हे सगळं वाहतूक आराखड्यातच असायला हवं.

आता गडचिरोलीकडे वळू. 1982 साली जिल्हा झाला, तरी रेल्वे म्हणजे उत्तरेच्या टोकाला एकटं वडसा स्टेशन. तिथून गडचिरोलीपर्यंत सुमारे 52 किलोमीटरचा मार्ग होतो आहे. चंद्रपुरात आपण झालेल्या गोष्टी सुधारू पाहतो. गडचिरोलीला त्या आधीच नीट करायची संधी आहे. स्टेशनभोवतीची जमीन एकदा लेआउटवाल्यांच्या हाती गेली, की नगररचनाकाराला फक्त सह्या करायच्या उरतात. तेव्हा बाजार, एस.टी. स्टँड आणि वस्ती यांची जागा आत्ताच ठरवा. आणि कडुनिंबाला सावली धरायला दहा वर्षं लागतात. तो याच पावसाळ्यात लावा.