बोनसवाल्यांची नावे : हजेरीपट की ढोल?



गोदाघाटावरच्या या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले. त्यांच्या मालिकेत कारखान्याच्या फाटकावर बोलणाऱ्या माणसाला उभे केले, याबद्दल चालकांचे आम्ही आभारी आहोत. आमचे शिक्षण पाळीवर झाले, आणि पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा बोलण्यात विद्वत्ता सापडली नाही तर सांभाळून घ्यावे. हिशेब मात्र चोख सांगू. युनियनच्या कामात हिशेब चुकला तर सभासद पुढच्या महिन्याला वर्गणी देत नाही.

आजचा प्रश्न असा. एखादी कंपनी किंवा बँक बुडायला लागली. सरकारने, नाहीतर सरकारी बँकेने, लोकांचा पैसा घालून तिला तारले. आणि त्याच सुमारास तिच्यातल्या काही नोकरांना बोनस मिळाला. तर या बोनस घेणाऱ्यांची नावे चारचौघांत जाहीर करावीत काय? प्रश्न ऐकला की आमच्या तरुण कार्यकर्त्यांचे उत्तर तयार असते : ‘करावीत, आणि मोठ्या अक्षरांत करावीत!’ साहेब लोकांचेही तयार असते : ‘पगार ही खाजगी बाब आहे.’ दोन्ही उत्तरे आम्हांला अपुरी वाटतात.

आधी ‘बोनस’ या शब्दाचा उलगडा करू, कारण सगळा घोळ तेथेच आहे. हा एक शब्द दोन निराळ्या वस्तूंना लावला जातो.

कामगाराचा बोनस म्हणजे काय? पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांनी अमाप नफा कमावला आणि महागाईने कामगार पिचला, तेव्हा मालकांनी काही वर्षे बोनस दिला. पुढे तो बंद केला. त्यावर १९२४ साली मुंबईत दीड लाखाच्या आसपास कामगारांचा मोठा संप झाला. सरन्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या समितीने निकाल दिला की, कामगारांना बोनसवर कायदेशीर हक्क सांगता येत नाही. तो हक्क मिळवायला आणखी चार दशके लागली. १९५० साली कामगार अपील न्यायाधिकरणाने नफावाटपाचे सूत्र घालून दिले, १९६१ साली मेहेर आयोग बसला, आणि १९६५ साली कायदा झाला. किमान बोनस प्रथम ४ टक्के होता, नंतर ८.३३ टक्के झाला. आणीबाणीत, १९७५ साली, तो पुन्हा ४ टक्क्यांवर आणला गेला आणि १९७७ नंतर परत मिळाला. म्हणजे हा बोनस ही मागे ठेवलेली मजुरी होय. बारा महिने राबायचे आणि तेराव्याचे दिवाळीला घ्यायचे. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, एक महिन्याचा पगार, हे हिशेब करून पाहा.

वरच्या माणसाचा बोनस निराळा. त्याला कायद्याची किमान मर्यादा नाही, आणि तो ठरविणारे त्याच्याच टेबलाभोवती बसलेले असतात. तो मिळतो कामगिरीबद्दल. आता कंपनी बुडाली आणि लोकांच्या पैशाने तरली, तर कामगिरी कोणती, हे विचारायचा हक्क पैसा देणाऱ्याला आहे की नाही? प्रश्नाची खरी गाठ ही आहे.

या गाठीवर अमेरिकेत मोठे रणकंदन झाले. ए. आय. जी. नावाची तिथली प्रचंड विमा कंपनी सप्टेंबर २००८ मध्ये बुडाली. सरकारने पुढच्या काही महिन्यांत सतरा हजार कोटी डॉलरहून अधिक मदत तिच्यामागे उभी केली. आणि मार्च २००९ मध्ये बाहेर आले की, ज्या विभागाच्या व्यवहारांनी कंपनी बुडाली त्याच विभागातल्या लोकांना साडेसोळा कोटी डॉलर बोनस वाटला गेला. करार २००८ च्या आरंभीचे होते, म्हणून पाळणे भाग होते, असे कंपनीचे म्हणणे. न्यूयॉर्क राज्याचे महाधिवक्ते अँड्र्यू कुओमो यांनी हुकूम काढून नावे मागविली. कंपनीचे प्रमुख एडवर्ड लिडी यांनी कायदेमंडळाच्या समितीपुढे नोकरांना आलेल्या जिवे मारण्याच्या धमक्या वाचून दाखविल्या. निदर्शक मोटार भरून अधिकाऱ्यांच्या घरांपर्यंत गेले. प्रतिनिधिगृहाने ३२८ विरुद्ध ९३ मतांनी अशा बोनसवर ९० टक्के कर बसविण्याचे विधेयक मंजूर केले. ते पुढे सिनेटमध्ये अडले ते अडलेच. दरम्यान सर्वांत मोठा बोनस घेणाऱ्या वीसपैकी पंधरा जणांनी पैसे परत करण्याचे कबूल केले, आणि परत करणाऱ्यांची नावे जाहीर करणार नाही, असे कुओमो यांनी सांगितले.

यातून दोन धडे निघतात. नाव बाहेर पडेल या नुसत्या शक्यतेने पैसा परत येऊ लागतो, हा पहिला. दुसरा अधिक महत्त्वाचा. त्या विभागाचा प्रमुख २००८ च्या आरंभीच नोकरी सोडून गेला होता, आणि त्यानंतरही काही महिने त्याला महिना दहा लाख डॉलर सल्ल्याची फी मिळत होती. २००९ च्या बोनसाच्या यादीवर ज्यांनी राग काढला त्यांच्यापुढे तो माणूसच नव्हता. बोनस घेणाऱ्यांची यादी म्हणजे गुन्हेगारांची यादी नव्हे. चोर सोडून संन्याशाला फाशी, हा प्रकार यादी घाईने लावली की हमखास घडतो.

आता आपल्याकडे येऊ. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या येस बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. खातेदाराला ५० हजारांवर रक्कम काढता येईना. मग पुनर्रचनेची योजना झाली. आठ बँकांनी मिळून दहा हजार कोटी घातले, त्यांपैकी ६,०५० कोटी एकट्या स्टेट बँकेचे, म्हणजे तुमच्याआमच्या सरकारी बँकेचे. ८,४१५ कोटींचे रोखे शून्य धरले गेले, आणि तो वाद पुढे न्यायालयांत गेला. त्या योजनेत एक कलम चांगले होते : सर्वसाधारण नोकरांचा पगार आणि सेवाशर्ती निदान एक वर्ष तशाच राहतील. वरच्या प्रमुख अधिकाऱ्यांना मात्र हे अभय नव्हते. खालचा नोकर आणि वरचा निर्णय घेणारा यांत फरक करता येतो, हे सरकारनेच तेथे लिहून दिले. आमचे म्हणणे इतकेच की हा फरक बोनसाच्या नावांनाही लावा.

‘नावे जाहीर करणे आपल्या परंपरेत बसत नाही’ असे कोणी म्हणेल तर आम्ही त्याला विचारू, कोणाची नावे? २००५ च्या रोजगार हमी कायद्याखाली सुरगाणा-पेठच्या बाईने माती उपसली, तर तिचे नाव, तिचे दिवस आणि तिची मजुरी हजेरीपटावर चढत होती, आणि तो हजेरीपट कोणालाही पाहता येत होता. माहिती अधिकाराच्या कायद्याप्रमाणे सरकारी कचेरीने आपल्या शिपायाचासुद्धा महिन्याचा पगार स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो. थकलेल्या शेतकऱ्याची जमीन लिलावाला निघते तेव्हा त्याचे नाव, गाव आणि गट नंबर वर्तमानपत्रात येतो. आपल्या नाशिक महानगरपालिकेने तर २०२२ च्या ऑक्टोबरात घरपट्टी थकविणाऱ्यांच्या दारापुढे ढोल वाजविले. गरिबाच्या आणि मध्यम माणसाच्या बाबतीत खाजगीपणाचा मुद्दा कोणाला सुचत नाही. तो सुचतो तो रक्कम सात आकड्यांच्या पुढे गेल्यावर!

आणि कायदाही या गोष्टीला परका नाही. १९७४ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा महिना तीन हजार किंवा अधिक पगार घेणाऱ्या नोकराचे नाव संचालकांच्या अहवालात देणे सक्तीचे झाले. आज शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने सर्वाधिक पगाराच्या दहा नोकरांची, तसेच वर्षाला १ कोटी २ लाखांहून कमी नाही इतके घेणाऱ्यांची नावे द्यायची असतात. पण ते पत्रक बहुधा अहवालाबरोबर येत नाही. भागधारकाने मागितले तर मिळते. मागणारे किती, हे तुम्हीच सांगा. शिवाय रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये खाजगी बँकांना नियम घालून दिले की, वरच्या अधिकाऱ्यांच्या बोनसाचा मोठा हिस्सा निदान तीन वर्षांत विभागून द्यावा, आणि काम फसले तर तो थांबविता किंवा परत घेता यावा. तरतूद उत्तम आहे. पण परत घेतला की नाही, कोणाकडून घेतला, हे बाहेरच्या माणसाला कळले नाही, तर ती कागदावरच राहण्याची भीती असते.

तर नावे द्यावीत. पण दोन रीती आहेत, त्यांतली निवड करावी. एक रीत हजेरीपटाची : नाव, काम, रक्कम, तारीख, आणि पाहण्याचा हक्क सर्वांना. दुसरी रीत ढोलाची : दारापुढे गर्दी, शेजाऱ्यांपुढे शोभा, आणि बायकामुले घरात कोंडलेली. पहिलीत माणूस हिशेबाला बांधला जातो, दुसरीत तो गर्दीच्या हाती सापडतो. आम्ही फाटकावर आयुष्य घालविले आहे. गर्दीचा उपयोग आम्हांला ठाऊक आहे, आणि तिला कोण कोठे वळवू शकतो हेही ठाऊक आहे. आज ती मॅनेजरच्या दारी गेली, तर उद्या संपात कामावर गेलेल्या हमालाच्या दारी जाईल.

एक अनुभव सांगतो. आमच्या जिल्ह्यातला एक कारखाना अडचणीत आला. सरकारी बँकांनी कर्जाचा काही भाग सोडला, आणि कामगारांनी दोन वर्षे पगारवाढ मागणार नाही अशी सही केली. दिवाळीला कामगाराला कायद्याचा किमान बोनस मिळाला. पुढे एक कागद युनियनच्या कचेरीत आला : ‘प्रोत्साहन रक्कम’ मिळालेल्या तेवीस जणांची यादी. तरुण मंडळी म्हणाली, उद्याच फलकावर लावू. आम्ही सभेत यादी वाचली. वरच्या चौघांनी घेतले ते खालच्या एकोणीस जणांच्या एकूण रकमेहून अधिक होते. आणि तळाशी भांडारातला एक कारकून आणि दोन ड्रायव्हर होते, प्रत्येकी पाच हजार. ते ड्रायव्हर आमच्यातल्याच एकाच्या चाळीत राहणारे! दोन तास वाद झाला. अखेर फलकावर चार हुद्दे, चार रकमा आणि संचालकांच्या ठरावाची तारीख लागली. खालच्यांची फक्त एकूण रक्कम लागली. काहींना ते आजही पटलेले नाही. ‘साहेबांची नावे का झाकली’ असे ते विचारतात. आमचे उत्तर असे की, चार हुद्द्यांवर कोण बसतो हे कारखान्यातल्या पोरालाही ठाऊक होते. पुढच्या करारात मात्र एक कलम आले : पगारवाढ गोठलेली असेतोवर अधिकाऱ्यांच्या प्रोत्साहन रकमेचा तक्ता युनियनला दाखविला जाईल. फलक लागला नसता तर ते कलम आले नसते.

विरुद्ध बाजूचे मुद्देही टाळू नयेत. ‘करार मोडता येत नाही’, असे म्हणतात. कामगाराचा करार मात्र कंपनी बुडाली की पहिल्या दिवशी बदलतो, हे आम्ही पाहिले आहे. तरीही करार पाळा. फक्त तो उघडा करा. ‘हुशार माणसे सोडून जातील’, असेही म्हणतात. काही जातील. पण कोण कशासाठी थांबला, हे लोकांना सांगता येत नसेल, तर त्याला थांबविण्यासाठी लोकांचा पैसा का लागावा? खाजगीपणाचा मुद्दा मात्र खरा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तो मूलभूत हक्क ठरविला आहे. म्हणूनच नावाबरोबर काय द्यायचे आणि काय नाही, याला मर्यादा हवी.

आमची सूचना पाच कलमांची आहे. एक, अट आधी घाला. मदतीचा ठराव होतानाच त्यात लिहा की, मदत फिटेपर्यंत बोनसाची नोंदवही उघडी राहील. मागाहून रागाच्या भरात नियम करू नका. दोन, नावे द्या ती संचालकांची, वरच्या अधिकाऱ्यांची, आणि ज्यांच्या सहीने पैसा धोक्यात गेला त्यांची. त्याबरोबर बोनस मंजूर करणाऱ्यांचीही द्या. घेणाऱ्याइतकाच देणारा जबाबदार आहे. तीन, त्याखालच्यांची श्रेणीवार संख्या आणि रक्कम पुरे. कायद्याचा बोनस तर त्या वहीत येऊच नये, कारण ती मजुरी आहे. चार, पत्ता, छायाचित्र, घरच्यांचा उल्लेख मुळीच नको. पाच, ज्याने पैसे परत केले त्याचीही नोंद त्याच वहीत करा.

हे माप आम्हांलाही लागू आहे. १९२६ च्या कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येक युनियनला वर्षाचा हिशेब निबंधकाकडे पाठवावा लागत आला आहे. पुढाऱ्याने मानधन किती घेतले, हे सभासदाला विचारता आले पाहिजे. जो स्वतःची वही झाकतो त्याने दुसऱ्याची उघडी मागू नये.

शेवटी आपल्या घरची गोष्ट. आपल्या जिल्हा बँकेची दशा नाशिककरांना सांगायला नको. ठेवीदार खेटे घालून थकले, शिक्षकांचे पगार अडकले, आणि थकलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनीच्या लिलावावरून मोर्चे निघाले. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने नाशिक, नागपूर आणि धाराशिवच्या जिल्हा बँकांना सरकारी भागभांडवल देण्याचे ठरविले. तेथे कोणी गैर बोनस घेतला, असे आमचे म्हणणे नाही. म्हणूनच अट घालायला हीच वेळ चांगली आहे. कोणावर आरोप नसताना केलेला नियम कोणाला बोचत नाही. तुमच्यापैकी पुष्कळजण सोसायटीचे सभासद असतील, काहीजण कंपन्यांचे भागधारक असतील. पुढच्या सर्वसाधारण सभेला जेवणाच्या पंगतीपुरते जाऊ नका. अहवाल मागा, पगाराचे पत्रक मागा, आणि उभे राहून प्रश्न विचारा. दहा जणांनी विचारले तर अकराव्या वर्षी ते पत्रक न मागता अहवालात येऊ लागेल.