मिरगी, हकिमी दवा आणि वऱ्हाडची पानपिंपळी

अकोल्यातल्या या परिषदेत मिरगीवरच्या युनानी दवांची चर्चा आहे, आणि ती वऱ्हाडात होणं अगदी उचित आहे. अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात बारी समाजाने पानमळ्यांच्या जोडीने पानपिंपळी जपली. हकिमांची फिलफिल दराज ती हीच. तिच्यातल्या पायपरीन या घटकामुळे फेनिटॉइन या मिरगीच्या जुन्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं, हे आधी निरोगी माणसांत आणि २००६ साली प्रत्यक्ष रुग्णांतही दिसून आलं. त्या चाचण्या शुद्ध पायपरीनच्या होत्या. भाजीतल्या चिमूटभर मसाल्याने कुणी घाबरू नये. पण फेनिटॉइनची मात्रा थोडी जास्त झाली तरी रुग्णाचा तोल जातो, गुंगी येते. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं एवढंच, की हकिमाची दवा आणि डॉक्टरांच्या गोळ्या एकाच कागदावर लिहिल्या जाव्यात.

शतकांचा अनुभव असताना चाचणी कशाला, असं काही जण विचारतील. पण आपल्या परंपरेचा आधारस्तंभ असलेल्या जालीनूसनेच, म्हणजे प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेननेच, चाचणी केली होती. मिरगी असलेल्या एका मुलाच्या गळ्यातली ऊद सलीब या वनस्पतीची मुळी त्याने मुद्दाम काढली, झटका आला. पुन्हा बांधली, झटके थांबले. ती जिज्ञासा खरी युनानी आहे. उणीव इतकीच, की रुग्ण एकच होता, आणि मिरगीचे झटके आपोआपही महिनोन्‌महिने थांबतात. म्हणून ऊद सलीब, उस्तुखुद्दूस, अक्कलकरा या वनौषधींची परीक्षा बऱ्याच रुग्णांवर, तुलना करून व्हायला हवी. दुसरीकडून डॉक्टर म्हणतील, झाडपाला सोडूनच द्या. तेही मला पटत नाही. भांगेच्या झाडातल्या कॅनाबिडिऑलला २०१८ साली अमेरिकेत मिरगीच्या काही दुर्धर प्रकारांसाठी मान्यता मिळाली, ती नियंत्रित चाचण्यांतून पार पडल्यावरच. दार बंद नाही, फक्त उंबरठा सर्वांना सारखा आहे.

तोवर एक गोष्ट मात्र वादापलीकडची: हकिमी दवा सुरू केली म्हणून डॉक्टरांच्या चालू गोळ्या अचानक बंद करायच्या नाहीत. त्याने लागोपाठ झटके येऊन जीवही जाऊ शकतो. बाळापूर, अचलपूर, मेळघाटपर्यंतच्या रुग्णांना हे त्यांच्या बोलीत सांगणारं, दोन्ही औषधांची नोंद असलेलं साधं पत्रक या परिषदेने तयार करावं, ही स्वागत समितीची विनंती आहे.