भरवसा, दम आणि दाम

श्रोतेहो, बैलबाजारात गेलेला जाणता शेतकरी तुम्ही पाहिला असेल. तो बैलाच्या रंगावर भाळत नाही. आधी जबडा उघडून दात बघतो, खूर बघतो, खांद्यावर हात फिरवतो, चार पावले चालवून बघतो. मग दलालाबरोबर उपरण्याखाली बोटे दाबून किमतीचे बोलणे सुरू होते. म्हणजे हा गडी तीन गोष्टींचा विचार करतो. बैल वर्षानुवर्षे टिकेल का, कामाला दम धरील का, आणि आपल्या पदराला झेपेल का. आज मोटारीविषयी जे सांगायचे आहे, ते याहून फारसे निराळे नाही.

विषयाला निमित्त असे झाले. माझा एक जुना विद्यार्थी चिपळूणच्या बाजूला प्राथमिक शिक्षक आहे. घर पाटण तालुक्यात. दर शनिवारी कुंभार्ली घाट चढून घरी यायचे आणि रविवारी सायंकाळी उतरायचे, हा त्याचा नेम. वडिलांना दर तीन आठवड्यांनी कऱ्हाडला दवाखान्यात न्यावे लागते. तो एकदा घरी आला आणि म्हणाला, “सर, डिकीची गाडी घ्यायचीय. पण पळणारी हवी. घाटात रडणारी नको.” बरोबर वडील होते. ते म्हणाले, “गुरुजी, पळू दे नाहीतर चालू दे, वाटेत उभी राहायला नको म्हणजे झालं.” सूनबाई आतापर्यंत गप्प होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “आणि हप्ता किती बसणार, तेही सांगा.” मंडळी, एका घरात तीन माणसे, आणि तिघांचेही म्हणणे खरे! दम, भरवसा आणि दाम. या तिघांचा मेळ कसा घालायचा, हाच आजचा प्रश्न.

प्रथम ही ‘डिकीची गाडी’ म्हणजे काय ते पाहू. हिला सेडान म्हणतात. पुढे इंजिनाची पेटी, मध्ये माणसांची, मागे सामानाची. आपल्या देशात तिचे दोन वर्ग पडले आहेत. चार मीटरच्या आतली छोटी सेडान, उदाहरणार्थ डिझायर, आणि साधारण साडेचार मीटर लांबीची, उदाहरणार्थ होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, किंवा आपल्या चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाविया. नावे घेतली ती उदाहरणादाखल. कोणाची जाहिरात करण्याचा हेतू नाही. या दोन वर्गांत कराचाही फरक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के, आणि मोठ्या सेडानवर ४० टक्के. तरुणांना जी ‘स्पोर्टी’ वाटते ती बहुधा या दुसऱ्या वर्गातली.

आता दम. यालाच बोलीत आपण पिकअप म्हणतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात अश्वशक्ती छापलेली असते. ७५ किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर वर उचलणे, ही एक अश्वशक्ती. शिक्षकमित्रांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. माणसांसकट गाडीचे वजन दीड हजार किलो धरा. बारा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची, असा घाटाचा चढ धरा, आणि वेग ताशी ४० किलोमीटर. म्हणजे सेकंदाला गाडी सुमारे अकरा मीटर पुढे जाते आणि ९० सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्त वर चढते. गुणाकार-भागाकार केलात तर उत्तर येते साडेअठरा अश्वशक्ती! चाकांचे घर्षण, वाऱ्याचा विरोध, आतले थंड हवेचे यंत्र, सगळे धरले तरी काम तिसाच्या आसपास भागते. मग १२१ किंवा १५० अश्वशक्ती हवी कशाला?

तर ती लागते पुढच्या गाडीला ओलांडताना. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे आहे, रस्ता अरुंद आहे, समोर थोडीच जागा मोकळी आहे. तिथे गाडीने चटकन उचल घेतली पाहिजे. आणि इथे अश्वशक्तीच्या जोडीला दुसरा एक आकडा बघावा लागतो. तो टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या ओढीचा. सिटीच्या साध्या दीड लिटर इंजिनाची जास्तीत जास्त ओढ १४५ न्यूटन-मीटर, तीही मिनिटाला ४३०० फेऱ्यांवर. व्हर्टस आणि स्लावियाच्या दीड लिटर टर्बो इंजिनाची ओढ २५०, आणि ती १६०० फेऱ्यांपासूनच हाती येते. व्हर्नाच्या टर्बोची २५३. टर्बो म्हणजे काय? धुराड्यातून वाया जाणाऱ्या तप्त वायूने एक पंखा फिरवायचा आणि त्याच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबायची. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त जोर.

याचा व्यवहारात अर्थ असा. दोन हजार फेऱ्यांवर हे टर्बो इंजिन सत्तर अश्वशक्ती देते. साध्या इंजिनाला तेवढ्यासाठी साडेतीन हजार फेऱ्यांपर्यंत जावे लागते. म्हणजे त्याला जमत नाही असे नाही. फक्त चालवणाऱ्याने एक गिअर उतरवला पाहिजे आणि इंजिनाचा थोडा आवाज सोसला पाहिजे. घाटात साध्या इंजिनाची गाडी ‘रडते’ अशी तक्रार करणारे पुष्कळ लोक वरचा गिअर सोडायलाच तयार नसतात. मंडळी, काही वेळा जो दम विकत घ्यायला आपण दोन-तीन लाख जादा मोजतो, तो हाताशी असलेल्या दांड्यातच असतो.

दमाचीच दुसरी बाजू थांबण्याची. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतर थांबायला अंतर चौपट लागते. तेव्हा नुसते पळणे बघू नका. ब्रेक, टायर आणि वळणावर गाडी किती स्थिर राहते ते बघा. अपघाताच्या चाचणीत किती तारे मिळाले ते विचारा. व्हर्टस, स्लाविया आणि व्हर्ना यांना २०२३ साली ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले, डिझायरच्या नव्या नमुन्याला २०२४ साली. आणि आपल्या गावचे गतिरोधक विसरू नका! पोट जमिनीला घासणारी गाडी कितीही पळो, वस्तीच्या रस्त्यावर तिचा उपयोग नाही.

आता भरवसा. याचा हिशेब सर्वांत अवघड, कारण इथे आकड्यांपेक्षा गप्पा जास्त. “आमच्या साडूची गाडी दोनदा बंद पडली,” एवढ्यावर आपण एका कंपनीला कायमचे नाव ठेवतो. पण एका विद्यार्थ्याच्या गुणांवरून शाळेचा निकाल ठरतो का? परदेशात अशा पाहण्या होतात, त्यांत शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या असे मोजतात. हीच खरी रीत. आपल्याला तेवढे करता आले नाही, तरी दहा-पंधरा गाडीमालकांना विचारता येते. मात्र ज्यांची गाडी नवी कोरी आहे त्यांना विचारू नका. साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेल्यांना विचारा.

दुसरे असे की यंत्रात जितके भाग जास्त, तितक्या बिघडण्याच्या जागा जास्त. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तेही भट्टीसारख्या उष्णतेत. त्याला शुद्ध आणि योग्य प्रतीचे ऑईल वेळेवर मिळाले तर तो वर्षानुवर्षे चालतो. ऑईलमध्ये काटकसर केली की रुसतो. हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मी जुनी टर्बो गाडी घेतली होती. ऑईल बदलायची वेळ उलटून चार महिने झाले, तरी ‘पुढच्या पगाराला बघू’ म्हणत राहिलो. ऐन पावसात ती घाटात धूर ओकू लागली, आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे दुरुस्तीला गेले. दोष गाडीचा नव्हता, मालकाचा होता.

तेच दोन क्लचच्या आपोआप चालणाऱ्या गिअरपेटीचे. गिअर इतके झटकन पडतात की चालवणारा खूश होतो. पण तिच्यातले क्लच कोरडे असतील तर चढावर गर्दीत इंच-इंच सरकताना ते तापतात. २०१३ साली चीनमध्ये फोक्सवॅगनला याच जातीच्या गिअरपेटीपायी सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. म्हणून ती कंपनीच वाईट असे समजू नका. भरवशासाठी नावाजलेल्या होंडालाही टाकाटाच्या सदोष एअरबॅगपायी जगभर लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तात्पर्य, नावावर विसंबू नये. कोणते इंजिन, कोणती गिअरपेटी, आणि त्यावर वॉरंटी किती वर्षांची, हे बघावे.

भरवशाचा आणखी एक भाग कारखान्यात नसून आपल्या तालुक्यात असतो. कंपनीचे गॅरेज किती लांब? सुटा भाग दोन दिवसांत मिळतो की पंधरा दिवसांनी? गाडी एकदाच बिघडली, पण पंधरा दिवस गॅरेजात राहिली, तर दवाखान्याची तारीख तिच्यासाठी थांबत नाही. जुनी गाडी घेणार असाल तर पेट्रोलचाही विचार करा. आता पंपावर मिळते त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या उसापासूनही ते होते, याचा आनंद आहे. पण जुन्या गाडीचे रबरी भाग त्याला सोसतात की नाही, हे कंपनीच्या पुस्तिकेत बघून घ्यावे.

आता दाम. शोरूमच्या दारावरची किंमत ही नुसती मुद्दल. वर आपल्या राज्यात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रस्ताकर. पंधरा लाखांच्या गाडीवर तोच एक लाख ऐंशी हजार होतो. मग विमा. मग कर्ज. दहा लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे २० हजार ७६० रुपये, आणि व्याज एकूण दोन लाख पंचेचाळीस हजार. तेच सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता उतरून १६ हजार ९० होतो. पण व्याज साडेतीन लाखांवर जाते. हप्ता कमी दिसतो तो असा! शिवाय पेट्रोल. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १८ ऐवजी १४ चे ॲव्हरेज देऊ लागली, तर महिन्याला सोळा लिटर जादा जातात. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाला वीस हजार रुपये. म्हणून अंथरूण मोजताना पहिल्या दिवसाची किंमत मोजू नका, सात वर्षांची मोजा. आणि सात वर्षांनी विकताना काय येईल, ते वजा करा. तिथे पुन्हा भरवशाच्या गाडीलाच गिऱ्हाईक लवकर मिळते.

मग तिघांचा मेळ कसा घालायचा? पुष्कळ लोक शंभर गुण तीन भागांत वाटतात आणि बेरीज करतात. ही रीत वाईट नाही, पण तिच्यात एक फसगत आहे. शिक्षकांना ती लगेच उमगेल. एखादा मुलगा गणितात पंच्याण्णव आणि मराठीत वीस गुण मिळवतो. सरासरी चांगली दिसते, पण मुलगा नापासच. गाडीचेही तसेच. दमात पंच्याण्णव मिळाले म्हणून भरवशातले वीस भरून निघत नाहीत. म्हणून मी सांगतो, आधी प्रत्येक विषयाची पास होण्याची रेघ ओढा, आणि ती शोरूमची पायरी चढण्यापूर्वी घरी बसून, कागदावर ओढा. हप्ता घरखर्चाला, आजारपणाला आणि मुलांच्या शिक्षणाला धक्का लावता कामा नये, ही दामाची रेघ. कंपनीचे गॅरेज तासा-दीड तासात गाठता यावे आणि वॉरंटी निदान कर्जाच्या बहुतेक काळापर्यंत असावी, ही भरवशाची रेघ. आपला नेहमीचा घाट पाच माणसांनिशी त्रास न होता चढावा, ही दमाची रेघ. तिन्हींत पास झालेल्या गाड्या तेवढ्या पुढे ठेवा. त्यांच्यात मग मनाला आवडेल ती खुशाल घ्या. तेवढी हौस माणसाला असावी. नाहीतर जगण्यात चव कसली?

आणि चालवून बघताना विक्रेत्याने दाखवलेल्या गुळगुळीत रस्त्यावर समाधान मानू नका. आपल्या रस्त्याने न्या. म्हाताऱ्या माणसांना मागे बसवा, उतरताना गुडघे धरावे लागतात का ते विचारा.

माझ्या विद्यार्थ्याने तसेच केले. सर्वांत जोरदार टर्बो गाडी हप्त्याच्या रेघेखाली गेली. दुसरी एक गॅरेजच्या अंतरात नापास झाली. उरलेल्या दोन घेऊन तो वडिलांसह कुंभार्ली घाटात जाऊन आला. परत आल्यावर वडील म्हणाले, “गुरुजी, पोरगं अर्ध्या घाटात आपणहून गिअर उतरवायला शिकलं. आता कुठलीबी घेऊ दे.” त्याने त्यातली एक घेतली. कोणती, ते सांगत नाही. सांगितले तर तुम्ही तिचेच नाव लिहून ठेवाल, आणि आपल्या घरची तीन माणसे, आपला घाट आणि आपला पगार यांचा हिशेब करायचा राहून जाईल. तो हिशेब मात्र ज्याचा त्यानेच करायचा असतो.