गडावरची वानरं

माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला किंवा दत्तशिखरावर जाताना काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं दिसतात. आपण लगेच केळं, बिस्किट पुढं करतो. पण वानर मुळात पाला खाणारा प्राणी. त्याच्या जठराला कप्पे असतात आणि तिथले सूक्ष्मजीव पाला आंबवून पचवतात. गोडधोड पडलं की हे सगळं बिघडतं. शिवाय आयत्या खाण्यासाठी वानरं रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात. असं खाऊ घालणं ही भूतदया नव्हे, असं मला मनापासून वाटतं.

मग रानातले प्राणी पाहावेत कसे? इंडोनेशियात, सुमात्रा बेटावर बुकित लावांग गावी लोक रानातले ओरांगउटान पाहायला जातात. तिथं खाऊ घालणं वर्ज्य, अंतर किमान 10 मीटर. आपली सर्दी, फ्लू त्यांना जडतो, आणि त्यांच्या मादीच्या दोन पिलांत सात-आठ वर्षांचं अंतर असतं. एक पिलू दगावलं तर भरपाई किती लांब!

माहूरलाही तसंच करा. प्रसाद पिशवीत झाकून ठेवा, गाडीच्या काचा लावा, पिलाजवळ जाऊन फोटो काढू नका. लांब उभं राहून पाहा, कोवळी पालवी ती कशी निवडून खातात.